कासविणीचा राखणदार

वसईच्या होळी गावात फेबियनची वाडी आहे. वाडीत बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं, आणि त्यात कासवं. पिढ्यान्पिढ्या कुणाचं कुणावाचून अडलं नव्हतं. पण नोव्हेंबरातल्या एका सकाळी एक कासवीण थेट अंगणात आली आणि मागच्या पायांनी माती उकरू लागली. फेबियन चहाचा कप घेऊन तिच्या डोक्याशी उभा राहिला. (बाळंतपणात पुरुषाचं तिथे काय काम, हे त्याला मुलीच्या, रोवेनाच्या वेळीही सुचलं नव्हतं.) मग तो फोन करायला आत गेला. परत येईतो कासवीण पसार, मागे उकरलेली माती.

चर्चच्या निसर्ग मंडळातली स्टेफी धावत आली. "अंकल, अंडी असतील तर हात लावायचा नाही. पिल्लं निघेपर्यंत राखाल?"

"त्यात काय मोठंसं?" फेबियन म्हणाला.

घरची कोंबडी एकवीस दिवस बसते. कासव जरा आळशी, म्हणून त्याने पदरचे चार दिवस वाढवून दिले. त्याच एकुलत्या मुलीचं, रोवेनाचं लग्न जानेवारीत, मांडव याच अंगणात. तोवर पिल्लं पोहायलाही शिकलेली असणार. त्याने मातीचा उंचवटा नीट केला, भोवती कुंपण घातलं, कडेने झेंडू लावला आणि पाटी रंगवली : 'शांतता राखा.'

तिसाव्या दिवशी त्याने स्टेफीकडे तक्रार केली.

"अंकल, यांना आठ-नऊ महिनेसुद्धा लागतात."

फेबियनने बोटांवर महिने मोजले, ते ऑगस्टावर येऊन थांबले.

"मग मांडव?" क्लेमेंटीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं.

"मागच्या बाजूला घालू."

"मागे संडासाची टाकी आहे."

"टाकीच्या पलीकडे."

"एकुलती एक पोर, आणि तिचं वऱ्हाड तू टाकीवरून नेणार?"

"मी शब्द दिलाय."

चार दिवस क्लेमेंटीन त्याच्याशी बोलली नाही. चहा मिळायचा, पण गार. शेवटी रोवेनाच म्हणाली, "राहू दे मम्मी. माझ्या लग्नापायी कुणाची पिल्लं मेलेली मला नकोत."

मांडव मागच्या बाजूला पडला, तिथेच घरच्याच फळ्यांचा स्टेज झाला. लग्नाच्या दिवशी नवरदेवाची मार्गारेट आत्या कुंपणाशी थबकली. उंचवटा, झेंडू, पाटी. तिने छातीवर क्रुसाची खूण केली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"गेलं नाही, यायचेत," फेबियन अभिमानाने म्हणाला. "ऑगस्टपर्यंत येतील बाहेर."

मार्गारेट आत्या दोन पावलं मागे सरली. संध्याकाळपर्यंत तिथे अकरा मेणबत्त्या लागल्या होत्या.

लग्न पार पडलं. "मांडव ज्याने मागे नेला त्यानेच फळ्या उचलायच्या," क्लेमेंटीनने बजावलं. पण फेबियनला पहाऱ्यातून सवड कुठली? ऑगस्टात तिने पुन्हा डोळे वटारले, तेव्हा त्याने मागच्या स्टेजची पहिली फळी उचलली. खालच्या मातीतून रुपयाएवढी पिल्लं एकामागून एक बाहेर पडत होती. एक त्याच्या चपलेवरून चालत बावखलाकडे गेलं.

स्टेफीने कुंपणातली जागा उकरून पाहिली. तिथे काहीच नव्हतं. "कुणी डोक्याशी उभं राहिलं की त्या खड्डा अर्धा टाकून दुसरीकडे जातात," ती चाचरत म्हणाली.

रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर फादरांनी निसर्ग मंडळाचं आभारपत्र वाचलं. "क्लेमेंटीनबाईंनी फळ्या जागच्या हलवल्या नाहीत, म्हणून कुत्र्या-मुंगसांना अंडी उकरता आली नाहीत. फेबियन यांचेही विशेष आभार. त्यांनी नऊ महिने साऱ्या गावाचं लक्ष रिकाम्या जागेकडे गुंतवून ठेवलं."

चर्चमध्ये टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या थांबल्यावरही क्लेमेंटीनच्या बराच वेळ चालू होत्या.