घर बघितल्याशिवाय नाही

रेडिओग्राम घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला "घरात भांडणं होतात का?" असं विचारणारा सेल्समन तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, घाटकोपरच्या शोरूममध्ये कित्येक वर्षं त्याच्या शेजारी उभा राहून कपाळाला हात लावलाय. अण्णा रेगे त्यांचं नाव.

आमची कंपनी 'मयूरध्वनी'. सागवानी कपाटाएवढा रेडिओग्राम, आत रेडिओ आणि रेकॉर्ड वाजवायची सोय, पुढे पितळी मुठी. त्या काळी असं मशीन घरात असणं म्हणजे दारात मोटार असणं. आणि अण्णा ते पोटची मुलगी द्यावी तसं देत! गिऱ्हाइकाने पसंती सांगून पैसे पुढे केले, की हे छत्री उचलत. "घर बघितल्याशिवाय नाही."

अहो, खरंच जायचे! भिंतीला ओल आहे का, पोरं दंगेखोर आहेत का, सगळी चौकशी. मुलुंडच्या एका वकिलाला चक्क नकार दिला. का, तर म्हणे, "बायकोवर खेकसतो रे तो. आपल्या मुठी काय हळू फिरवणार?" दर दिवाळीला, विकलेल्या मशीनांची खुशाली विचारायला घरोघर जात. बोरिवलीच्या एका बाईंनी मशीनवर लोणच्याची बरणी ठेवली होती. अण्णांनी ती स्वतः उचलली नि म्हणाले, "बाई, हे काय लाकूड आहे?"

आता ते लाकूडच होतं. पण सांगणार कोण?

मी जाम चिडायचो. "अण्णा, लोक हातात ट्रान्झिस्टर घेऊन फिरतायत. आपली वाट लागणार."

"फिरू दे. तो फिरस्ता. आपलं मशीन संसार करणारं आहे."

अण्णांच्या घरी ते आणि काकू, दोघंच. एकुलती एक लेक नलू भुसावळला दिलेली. तिचं कसं चाललंय विचारलं, की "बरं आहे" म्हणायचे आणि चकचकीत मुठी पुन्हा पुसायला घ्यायचे. मग मीही विचारायचं सोडलं.

शेवटी शेठनी दोघांना समोर बसवलं. कारखान्याने नवीन मशीन काढायचं थांबवलं होतं. पुढे कंपनी राहते की जाते, कुणालाच ठाऊक नव्हतं. "उरलेली पाच दसऱ्यापर्यंत खपवा. खपली तर इथं ट्रान्झिस्टर ठेवू, नाही तर कुलूप. आणि रेगे, ते घर बघणं बंद!"

माझ्या घरी तेव्हा नुकतीच जुळी झाली होती. मी देव पाण्यात घातले.

अण्णा ढिम्म. दुकान उघडायच्या आधी आणि बंद झाल्यावर घरं बघत हिंडले. पायाला फोड आले, पण चार मशीन चांगल्या घरी पडली. एक उरलं.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी हायवेवरच्या हॉटेलाचा मालक आला. "गल्ल्याशेजारी ठेवीन. वर बडीशेपेच्या बश्या राहतील ना?"

मी डोळेच मिटले. संपलं! आता छत्री, आता नकार, आता कुलूप.

"राहतील," अण्णा म्हणाले. "घेऊन जा."

हातगाडी वळणाआड गेली तरी माझा आ मिटेना. "अण्णा, अहो, घर?"

"वेळ नाही. गाडी चुकेल." त्यांनी काउंटरखालून पिशवी ओढली. "काल रात्री भुसावळचा एक ओळखीचा भेटला. नलूला फार मारतात रे. ती कधी बोलली नाही. आणि मी..." त्यांनी पिशवीचे बंद आवळले. "चांगलं स्थळ आहे, चांगलं स्थळ आहे, म्हणाले सगळे. तिचं घर मी बघितलंच नव्हतं."

काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "समजवायला जाताय?"

"आणायला." असा ठाम आवाज मी त्यांच्या तोंडून गिऱ्हाइकासमोरही ऐकला नव्हता. "तुझ्या काकूने तिची खाट घालूनसुद्धा ठेवलीय."

चपला सरकवून ते पायरी उतरले. मी मागून म्हणालो, "त्या मशीनचं वाईट वाटत असेल ना, अण्णा?"

ते वळलेसुद्धा नाहीत.

"लाकूड आहे रे ते," म्हणाले, आणि स्टेशनकडे चालायला लागले.