विनायकबाबूंची शोकसभा

श्यामकांत भडकमकरने तो फॉर्म तीनदा वाचला आणि मग वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं तसं त्यावर नाव लिहिलं. आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं: भडकमकर श्यामकांत विनायक. साताऱ्याच्या शाळेपासून पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजापर्यंत त्याने असंच लिहिलं होतं आणि कुठे काही अडलं नव्हतं. पण हे कलकत्ता होतं. इथे नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, ही पृथ्वी गोल असण्याइतकी पक्की गोष्ट होती. खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्मवर एक नजर टाकली आणि हजेरीच्या वहीत लिहिलं, ‘मिस्टर विनायक’. विनायकराव, म्हणजे श्यामकांतचे वडील, तीन वर्षांपूर्वीच साताऱ्यात वारले होते.

हा फॉर्म त्याने हौसेने भरला नव्हता. केंद्र सरकारच्या एका खात्यात तो पंपांचा असिस्टंट इंजिनिअर होता. बिघडलेला पंप त्याच्या हाताखाली लेकरासारखा शहाणा होई. पण चार माणसांपुढे इंग्रजीत बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. खात्याचे मोठे साहेब सान्याल माणसांशी मेमोनेच बोलत. त्यांचा मेमो आला: ‘आपण सेक्शनच्या मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही असे समजते. विश्वविद्यालयाचा सायंकाळचा कोर्स पुरा करून सर्टिफिकेट एकतीस मार्चपूर्वी सादर करावे. अन्यथा आपणास कायम करता येणार नाही व आसामच्या साइटवर परत पाठवण्यात येईल.’

आसामच्या साइटवर तंबू होते, जळवा होत्या, आणि बायकोला न्यायची सोय नव्हती. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं तो तिथे आणि मीनाक्षी साताऱ्यात, अशी गेली होती. आता कुठे बागबाजारात दोन खोल्या मिळाल्या होत्या. घरमालक दत्तबाबू रोज गंमत करायचे, “तुम्हा मराठ्यांना अडवायला आमच्या पूर्वजांनी इथे खंदक खणला, आणि तुम्ही आलात ते भाडेकरू होऊन!” मीनाक्षी काही न कळता हसायची. तिने खिडकीत तुळस लावली होती. रोज संध्याकाळी ती त्या खिडकीत उभी राहून त्याची वाट पाहायची. श्यामकांतला जगात दुसरं काही नको होतं.

“होईल हो तुमचं,” मीनाक्षी म्हणाली. “माझ्याशी बोलता की नाही?”

“तुझ्याशी मी कुठे बोलतो? तूच बोलतेस.”

“मग ऐकून ऐकून तरी येईलच की!”

कोर्स तीन गोष्टींचा होता. सोमवारी व्यापार, बुधवारी इंजिनिअरिंग आणि शुक्रवारी संभाषणकला. सोमवार-बुधवार हजेरी नंबराने व्हायची, त्यामुळे काही बिघडलं नाही. शुक्रवारी मात्र प्रोफेसर लाहिरी नावाने पुकारत, आणि ज्याचं नाव येई त्याने उठून दोन वाक्यं बोलायची असा त्यांचा नियम होता. पहिल्या शुक्रवारी श्यामकांत घामाघूम होऊन बसला. घोष झाले, बॅनर्जी झाले, “मिस्टर विनायक” झालं, त्यावर कोणी उठलं नाही, यादी संपली. भडकमकर आलंच नाही!

त्याला जे हायसं वाटलं ते काय सांगावं. शहाण्या माणसाने उठून चौकशी केली असती. पण चौकशी करायची तर बोलावं लागतं, आणि बोलता येत असतं तर तो तिथे आला कशाला असता? दुसरा शुक्रवार गेला. तिसरा गेला. ‘विनायक’ ऐकून त्याला वडिलांची आठवण मात्र दर वेळी यायची.

चौथ्या शुक्रवारी लाहिरी सर भडकले. “हा विनायक आहे तरी कोण? चार गैरहजेऱ्या! कोणी ओळखतं का याला?”

आणि त्या क्षणी श्यामकांतच्या डोक्यात प्रकाश पडला. तो उठला. सांगायचं होतं ते असं, की सर, आमच्याकडे नावापुढे वडिलांचं नाव लावतात, त्यामुळे कारकुनाची गफलत झाली, तो विनायक मीच. मराठीत हे मीनाक्षीने एका दमात सांगितलं असतं. इंग्रजीत त्याच्या तोंडून एवढंच आलं, “सर... विनायक... माझे वडील.”

“अस्सं! मग ते आहेत कुठे?”

“सर... ते... आता नाहीत.”

लाहिरी सरांनी चष्मा काढला. उतारवयात, नोकरी सांभाळून, संध्याकाळी शिकायला निघालेला एक माणूस पहिल्याच शुक्रवारी पोचू शकला नाही, आणि त्याचा मुलगा त्याच्या जागी मुकाट्याने येऊन बसतोय! सरांना गहिवरून आलं. सगळा वर्ग दोन मिनिटं उभा राहिला, आणि श्यामकांतही राहिला, कारण सगळे उभे असताना बसायचं कसं? सरांनी हजेरीच्या वहीत ‘विनायक’वर लाल शाईची रेघ ओढून पुढे लिहिलं, ‘दिवंगत’.

पुढचे दोन शुक्रवार तो खुलासा करायला सरांच्या टेबलाशी गेला. पाठ केलेली वाक्यं घेऊन गेला. पण त्याने “सर, माझे वडील...” एवढं म्हटलं की लाहिरी त्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, “बोलू नकोस, बाळ. मला समजतं.” बोलायला शिकवण्याच्या त्या वर्गात न बोलण्याची परवानगी असलेला तो एकटाच विद्यार्थी होता.

इथवर प्रकरण चार भिंतींत होतं. पण विश्वविद्यालयात कागद एका जागी थांबत नाही. लाल रेघ पाहून कार्यालयाने रिवाजाप्रमाणे फॉर्मवरच्या नोकरीच्या पत्त्यावर पत्र धाडलं: ‘आपल्या खात्यातील श्री. भडकमकर श्यामकांत विनायक यांच्या निधनाची वार्ता त्यांच्या चिरंजीवांकडून कळली. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत.’

पत्र पोचलं तेव्हा श्यामकांत त्याच्या सेक्शनच्या तिघांना घेऊन आसनसोलला पंप दुरुस्त करायला गेला होता. म्हणजे ऑफिसात त्याला चेहऱ्याने ओळखणारे जे कोण होते ते सगळे त्याच्याबरोबरच होते. बाकीच्यांना तो फक्त फायलींवरच्या सहीने ठाऊक; पत्रातल्या नावाचा शेवटचा शब्द वाचून त्यांनी त्याला ‘विनायकबाबू’ करून टाकलं. आणि सरकारी ऑफिसात शिक्क्याच्या पत्रावर शंका घ्यायची पद्धत नाही. तारेने विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. ऑफिसच्या क्लबाचे सेक्रेटरी नित्यानंदबाबू ‘आहा रे!’ म्हणून हळहळले आणि लगेच उत्साहाने कामाला लागले. वर्षभरात शोकसभा झाली नव्हती. शनिवारी दुपारी तीनची वेळ ठरली, गाणारी मंडळी ठरली, रजनीगंधाच्या माळा सांगितल्या गेल्या, विश्वविद्यालयाला आमंत्रण गेलं. राहिला फोटो.

नित्यानंदबाबू बागबाजारात गेले. दार मीनाक्षीने उघडलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या. नित्यानंदबाबू दचकले, पण त्यांनी विचार केला, यांच्यात रीत वेगळी असेल. विषय नाजूक होता, म्हणून त्यांनी ‘शोक’ हा शब्द तोंडाबाहेर काढला नाही.

“बौदी, भाभीजी,” ते जमिनीकडे बघत मोडक्या हिंदीत म्हणाले, “ऑफिस में शनिवार को छोटा-सा प्रोग्राम है. विनायकबाबू का एक फोटो चाहिए.”

मामंजींचा फोटो? मीनाक्षीला आश्चर्य वाटलं. मग वाटलं, ह्यांनीच काही सांगितलं असेल, घुम्यासारखे राहतात आणि मनात सगळं ठेवतात. तिने भिंतीवरचा सासऱ्यांचा फोटो उतरवला, पदराने पुसला आणि हसतमुखाने दिला. वर चहा केला, बशीभर चिवडा पुढे ठेवला.

“थोडा और लो ना,” ती म्हणाली. “वो होते तो आग्रह करके खिलाते!”

नित्यानंदबाबूंनी चिवड्याची बशी हळूच बाजूला सारली. ऑफिसात येऊन ते म्हणाले, “काय धीराची बाई! डोळ्यांत टिपूस नाही. शेवटी शिवाजीच्या मुलखातली.” फोटोतला पगडीवाला म्हातारा असिस्टंट इंजिनिअरच्या मानाने जरा जास्तच पिकलेला होता. पण आसामच्या हवेने माणूस खंगतो, असं सगळ्यांचं मत पडलं.

शनिवारी गाडी दोन तास उशिरा आली. श्यामकांतचे सोबती स्टेशनवरूनच घरी गेले. तो मात्र रिपोर्ट देऊन टाकावा म्हणून वळकटी काखेत मारून, वाढल्या दाढीने तसाच ऑफिसात आला. सेक्शनमध्ये चिटपाखरू नव्हतं. हॉलमधून गाण्याचे सूर येत होते. त्याने दारातून डोकावलं आणि त्याचा पाय उंबऱ्यावरच थबकला.

हॉल भरला होता. समोर टेबलावर, उदबत्त्यांच्या धुरात आणि रजनीगंधाच्या माळांत, त्याचे वडील होते.

सान्याल साहेब अध्यक्ष होते आणि त्यांच्या शेजारी लाहिरी सर बसले होते. सरांना पाहून श्यामकांतला सगळा उलगडा झाला, म्हणजे त्याला तसं वाटलं. सरांनी मनावर घेऊन आपल्या वडिलांसाठी हे घडवून आणलं! तो मागच्या खुर्चीवर टेकला. बंगाली भाषणांतलं त्याला थोडंच कळत होतं, पण जे कळलं ते खरं होतं. विनायकबाबू शांत होते. विनायकबाबूंनी कधी आवाज चढवला नाही. विनायकबाबू आपलं काम बरं की आपण बरे असे होते. त्याचे डोळे भरून आले.

लाहिरी सरांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्यांनी साहेबांच्या कानात सांगितलं, आणि साहेब उठून इंग्रजीत म्हणाले, “दिवंगतांचे चिरंजीव आपल्यात आहेत. ते दोन शब्द बोलतील.”

शंभर माना मागे वळल्या. एरवी श्यामकांतने खिडकीतून उडी टाकली असती. पण माळा घातलेला तो फोटो समोरून त्याच्याकडे बघत होता. तो चालत पुढे गेला, वळकटी खाली ठेवली, आणि बोलायला लागला.

“माझे वडील साताऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवत,” तो म्हणाला. सान्याल साहेबांना वाटलं, खात्यात येण्यापूर्वी असेल. “ते फार बोलत नसत. मीही बोलत नाही. पहिला पंप त्यांनी मला आमच्या विहिरीवर उघडून दाखवला, आणि तासभरात ते एकच वाक्य बोलले. म्हणाले, घाई करू नकोस. ते रिटायर झाले त्याच दिवशी हेडमास्तरांची बदली झाली. समारंभ हेडमास्तरांचा झाला. त्या समारंभाच्या खुर्च्या माझ्या वडिलांनी मांडल्या. घरी येऊन म्हणाले, छान झाला कार्यक्रम.”

वाक्यं लहान होती, व्याकरणाचे हातपाय इकडेतिकडे होते, पण ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. लाहिरी सरांनी सवयीने घड्याळ काढून गुडघ्यावर ठेवलं होतं, ते बघायचं विसरले. श्यामकांत बोलत राहिला. वडिलांनी काढलेल्या अजिंक्यताऱ्याच्या चित्राबद्दल, त्यांच्या शिवलेल्या छत्रीबद्दल, शेवटच्या आजारात तो आसामात अडकून पडला आणि वेळेवर पोचू शकला नाही त्याबद्दल.

“आज इतक्या दूरच्या गावात,” तो शेवटी म्हणाला, “त्यांना कधी न पाहिलेल्या माणसांनी त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या. मी आपला फार आभारी आहे.”

शेवटल्या वाक्यात काहीतरी खटकण्यासारखं होतं, पण ते खटकायला कोणाचे डोळे कोरडे नव्हते. नित्यानंदबाबू तर माळेनेच नाक पुसत होते. सान्याल साहेबांना आयुष्यात प्रथमच मेमो न लिहिता बोलावंसं वाटलं. त्यांनी श्यामकांतचा हात हातात घेतला.

“बाळ, तुझ्या वडिलांची असिस्टंट इंजिनिअरची जागा आता रिकामी आहे. खात्याची ही सहानुभूती समज. अर्ज कर, मी शिफारस करतो.”

“सर,” श्यामकांत गोंधळून म्हणाला, “त्या जागेवर मीच आहे. मी भडकमकर.”

नित्यानंदबाबूंच्या हातातली माळ गळून पडली. पुढच्या दहा मिनिटांत कोण काय बोललं ते कोणालाच सांगता येणार नाही, पण श्यामकांतने त्या दहा मिनिटांत आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव यांचा सगळा घोळ शंभर माणसांना समजावून सांगितला. तेही इंग्रजीत, एकदाही न अडखळता. मग तो एकदम गप्प झाला, कारण आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं.

लाहिरी सरांनी त्याला तिथल्या तिथे पास केलं. सर्टिफिकेटची मात्र पंचाईत झाली. विश्वविद्यालयाचं म्हणणं पडलं की रजिस्टरात भडकमकर नावाचा विद्यार्थी नाही. विनायक आहे, पण तो दिवंगत आहे. फार तर त्याच्या नावाने मरणोत्तर देता येईल. आणि तसंच ते आलं, सोनेरी किनारीच्या जाड कागदावर: श्री. विनायक, संभाषणकलेत उत्तीर्ण.

श्यामकांतने तो कागद आत पाठवला आणि तो साहेबांच्या खोलीबाहेर उभा राहिला. एकतीस मार्चला दोनच दिवस होते. आतून कागद परत आला आणि सोबत मेमो: ‘वडिलांचे सर्टिफिकेट मुलाच्या फायलीस जोडता येत नाही. तथापि सदर अधिकाऱ्याच्या शोकसभेस खाली सही करणारा जातीने हजर होता. सभेतील अधिकाऱ्याचे भाषण समाधानकारक वाटले. नोकरीत कायम करावे.’

संध्याकाळी मीनाक्षी खिडकीत होती. त्याने रस्त्यावरूनच होकारार्थी मान हलवली आणि तिने ओंजळीत तोंड लपवलं. वर आल्यावर त्याने तिला सर्टिफिकेट दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं, मग स्टुलावर चढून भिंतीवर परत आलेल्या फोटोच्या शेजारी खिळा ठोकला.

“हे काय? ते मला मिळालंय,” श्यामकांत म्हणाला.

“तुम्ही कायम झालात ना? मग हे मामंजींचं,” मीनाक्षी म्हणाली, आणि फोटो जरा सरळ केला. “तुम्हाला एवढं बोलायला लावलं ते त्यांनीच.”