रुद्राजी नाईक यांनी पाण्याच्या रेघा ओढिल्या त्याची हकीकत

श्रीगजानन, ज्याने आपलाच दात मोडून लेखणी केली, तो हातास स्थैर्य आणि डोक्यास थंडावा देवो. कारण पुढील मजकूर बहुत संतापाचा आहे. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सरी, एके राज्यात रुद्राजी नाईक नामे वृद्ध सरदार होते. मोठे तलवारबहाद्दर, आणि राग नाकाच्या शेंड्यावर. त्यांचे कुटुंब गुणाईसाहेब आदले साली ज्वराने कैलासवासी जाहल्या. मोहिमांच्या गर्दीत त्यांची तसबीर काढविणे राहून गेले, आणि आता चेहरा नाईकांच्या डोळ्यांपुढून दिवसेंदिवस पुसट होऊ लागला. बाई गोषातील, चिताऱ्यांनी कधी पाहिली नाही. सबब काढणार कोण? मग नाईकांनीच कंबर बांधली आणि चित्रशाळेत दाखल होऊन मुख्य चितारी सखोपंत यांस म्हणाले, "कागद आणा, रंग आणा, आजच काढितो."

पंतांनी काय द्यावे? काळ्या दगडाची फळी, कुंचला आणि तांब्याभर पाणी! तेथील दस्तूर ऐसा की, नवशिक्याने पाण्याने रेघा ओढाव्या, मग गोल काढावे, मग लंबगोल, आणि उन्हाने सुकले की पुन्हा काढावे. म्हणजे कागद वाया जात नाही आणि चुकीचे भय राहत नाही. पंत बोलिले, "सरदारसाहेब, आधी हात मोकळा करा."

नाईक लालबुंद जाहले. "गड घेतले या हातांनी! इकडे माणसाचा चेहरा जातो आहे आणि आम्ही रेघोट्या ओढीत बसावे? काळीज आहे की धोंडा?" आणि रागेरागे रेघ ओढिली ती सापासारखी वळवळली, आणि गोल काढिला तो चेपलेल्या तांब्यासारखा निघाला. पंत म्हणाले, "तलवार खांद्यातून फिरविता आणि रेघ मनगटातून ओढिता, हा कोठला न्याय?" मग नाईकांनी दातओठ खात हात खांद्यातून फिरविला, आणि रेघ सरळ गेली. याचा तर अधिकच राग आला.

मग रोजचा हाच शिरस्ता. पंतांस शिव्या घालाव्या, रेघा ओढाव्या, गोल काढावे आणि उन्हाने ते पिऊन टाकावे. घरी चेहरा आठवू जावे तो नथ आठवे, पदर आठवे, मुद्रा काही येईना. एके सकाळी हात मोकळा करिता करिता लंबगोल किंचित डावीकडे कलला, आणि नाईक दचकले. रुसल्या म्हणजे गुणाईसाहेब मान ऐशीच कलती करीत. मग हात थांबेना. हनुवटी आली, आणि भिवईवरील जुना व्रण आला, आणि टोमणा मारण्याआधीचे मिटले ओठ आले. नाईक ओरडले, "कागद! पंत, धावा, कागद!" पंत कागद घेऊन येतात तो आश्विनाचे ऊन, फळी कोरडी ठणठणीत.

मग तो संताप काय वर्णावा! नाईकांनी तांब्या भिरकाविला आणि सूर्यनारायणासही सोडिले नाही. "चांडाळांनो! एकदा तापाने नेली, आज तुमच्या दस्तुराने नेली!" म्हणोन पोरासारखे रडू लागले. पंतांनी तांब्या उचलिला, भरून आणिला आणि पुढे ठेवून बोलिले, "सरदारसाहेब, पुन्हा." नाईकांनी डोळे पुसले, एक शिवी हासडली आणि कुंचला बुडविला. तीच कलती मान, तोच व्रण. सुकले, पुन्हा काढिले, तीच.

तात्पर्य, तसबीर पुढे कागदावरही जाहली. परंतु नाईक हयात असेतो रोज सकाळी फळीवर पाण्याने गुणाईसाहेब काढीत, आणि ऊन चढून त्या विरू लागल्या म्हणजे म्हणत, "चालल्या रुसून. उद्या याल म्हणा!" येणेप्रमाणे जाहले ते लिहिले.