कॅप्टनची पाठ

"आता मी जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकीचाही विश्वास बसणार नाही!" असं म्हणून क्लेमंट हॉलरॉइड खुर्चीतून उठला आणि तिथेच फसला. बसून राहिला असता तर घोडा, तंबू, केक, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण गडी चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला. एकदा थांबा सोडला की मध्येच गाडी थांबवणं त्याच्या स्वभावात नव्हतं!

नेदर व्हिटल गावच्या सभागृहात दर गुरुवारी दुपारी वाचकमंडळ भरायचं. अकरा बायका आणि क्लेमंट. पुस्तकं कधीच मागे पडली होती. आता वाद होता तो पडद्यावरचा. अबोल कॅप्टन आणि तोंडाळ हेन्रिएटा यांच्या प्रेमाची ती दोनशे वर्षांपूर्वीची कादंबरी. तिच्यावर पंचेचाळीस वर्षांमागे टीव्हीवर बारा भागांची मालिका झाली होती, आणि यंदा नवा सिनेमा आला होता. तेव्हापासून मंडळाची सरळ दोन शकलं झाली.

"बारा तास नुसते चहा पितात गं!" सिनेमावाल्यांची पुढारी ग्लॅडिस पिकरिंग म्हणाली. "पाचव्या भागात कॅप्टन एकदा खोकतो, तर तेवढ्यावर तुम्ही महिनाभर उसासे टाकलेत!"

"आणि तुझ्या सिनेमात? विसाव्या मिनिटाला चुंबन!" मालिकावाल्यांची विनिफ्रेड कडाडली. "पुस्तकात एकतिसाव्या प्रकरणापर्यंत तो तिचा पडलेला हातमोजासुद्धा उचलून देत नाही!"

"अठ्ठाविसाव्या," विनिफ्रेडची थोरली बहीण ऑगस्टा म्हणाली. ऑगस्टा कुठल्याच पक्षात नव्हती. तिच्या मते दोन्ही चूक. मालिकेत पाद्रीबुवांचं मांजर पांढरं दाखवलं म्हणून तिने टीव्हीवाल्यांना सात पत्रं धाडली होती. पुस्तकात ते राखाडी आहे.

"ते काही असो," विनिफ्रेडचा आवाज एकदम हळवा झाला. "नकार ऐकून कॅप्टन घोड्यावरून माळावर निघून जातो, तो प्रसंग आठवा. तोंड दिसत नाही, नुसती पाठ! पण त्या पाठीत जेवढं दुःख आहे, तेवढं तुमच्या नव्या नटाच्या अख्ख्या थोबाडात नाही!"

आता क्लेमंटची अडचण समजून घ्या. त्याने ते पुस्तक कधी उघडलं नव्हतं. दोन वर्षं तो तिथे येत होता तो विधवा विनिफ्रेडसाठी, आणि दोन वर्षांत ती त्याच्याशी एकच वाक्य बोलली होती: "दूध घालू?" तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पिशवी बसायची. त्या पिशवीचा हेवा करत करत माणूस बहात्तर वर्षांचा झाला होता!

म्हणून तो उठला आणि म्हणाला, "ती पाठ माझी होती."

अकरा माना एकदम त्याच्याकडे वळल्या.

"त्या दिवशी नटाला गालगुंड झालं," क्लेमंटने गियर टाकला. "मी चौदा उतारू घेऊन माळावरून चाललो होतो. दिग्दर्शक धावत आडवा आला. मला पाठमोरा बघितला आणि गुडघ्यावर बसून रडायलाच लागला! म्हणाला, 'साहेब, ही पाठ मला द्या!'"

"आणि उतारू?" ग्लॅडिसने विचारलं.

"बसून राहिले. तीन तास. कुणी काही बोललं नाही."

हे मात्र सगळ्यांना पटलं. आमच्या नेदर व्हिटलचे उतारू बोलत नाहीतच.

आणि मग, लोकहो, विनिफ्रेडने पिशवी उचलली आणि खाली जमिनीवर ठेवली! क्लेमंट त्या खुर्चीत असा बसला, जसा काही राज्याभिषेकालाच बसलाय.

"झकास!" ग्लॅडिस गोड हसली. ती हसली की समजावं, कुणाचं तरी वाटोळं होणार. "मग शनिवारच्या जत्रेत एकदा बसून दाखवा की घोड्यावर! आम्ही पाठ लगेच ओळखू. आणि नाही पटली, तर गुरुवारी यायची तसदी घेऊ नका!"

क्लेमंट आयुष्यात घोड्याच्या वाटेला गेला नव्हता. "आनंदाने!" तो म्हणाला.

दोन दिवस तो सोफ्याच्या हातावर बसून पाठीने दुःख व्यक्त करायचा सराव करत होता. घरच्या मांजराने एकदा पाहिलं आणि खोली सोडली.

शनिवारी हिरवळीवर सगळा गाव लोटला. एका टोकाला चहाचा मोठा तंबू. आत स्पर्धेचे केक मांडलेले आणि चहाच्या पिंपाशी विनिफ्रेड. क्लेमंटच्या अंगावर नाटकमंडळींचा समुद्री चाच्याचा झगा होता. घोडा म्हणजे मफिन, दरवर्षी जत्रेत पोरांना फिरवणारं एक पिंपासारखं तट्टू. दोघांनी धरून, तिघांनी ढकलून क्लेमंटला वर चढवलं. त्याचे पाय जमिनीपासून हातभरच वर होते. पण त्याला वाटलं, आपण चर्चच्या मनोऱ्यावर बसलोय!

आणि इथेच घात झाला. आमच्या गावच्या लोकांना दोन माणसं एकामागे एक उभी दिसली की तिसरा काही न विचारता मागे उभा राहतो. क्लेमंटला ढकलणाऱ्यांपैकी दोघे दम खात घोड्याच्या मागे उभे होते. त्यांच्यामागे पाद्रीबुवा उभे राहिले. त्यांच्यामागे डॉक्टरीणबाई. बघता बघता साठ माणसांची शिस्तशीर रांग!

"कशाची रांग आहे हो?" शेवटी उभ्या राहिलेल्या ऑगस्टाने पुढच्याला विचारलं.

"कल्पना नाही. पण बरीच मोठी आहे, म्हणजे काहीतरी चांगलंच असणार!"

मफिनला एवढंच ठाऊक होतं: मागे रांग लागली की एक फेरी मारायची आणि फेरी संपली की तंबूत केकचा तुकडा मिळतो. तो चालू लागला. रांगही चालू लागली. रांग पुढे सरकली की सरकायचं असतं! क्लेमंट लगाम ओढत ओरडत होता, "थांब! अरे ब्रेक कुठेय याला?" आणि मागून पाद्रीबुवा कौतुकाने म्हणत होते, "काय आवाज आहे! दुःख कसं थेट बाहेर येतंय!"

मफिन तंबूत शिरला. मागोमाग साठ माणसं शिरली. त्याने पहिल्या बक्षिसाचा केक खाल्ला, मग दुसऱ्या बक्षिसाचा, आणि ग्लॅडिसच्या लिंबाच्या केकला नुसतं हुंगून तोंड फिरवलं. "हा तर सरळ पक्षपात आहे!" ग्लॅडिस किंचाळली. मफिन दचकला, वळला, झगा मधल्या खांबाला अडकला, क्लेमंट खांबाला मिठी मारून राहिला, आणि अख्खा तंबू सावकाश, आब राखून, गावाच्या डोक्यावर बसला.

कापडाखाली काळोख.

"माफ करा, हा तुमचा पाय का?"

"हो. पण राहू द्या, राहू द्या."

"रांग तशीच आहे ना?"

कापड बाजूला झालं तेव्हा क्लेमंट जमिनीवर बसला होता, कानात मुरंबा, डोक्यावर चहाबरोबर खायचा एक स्कोन-पाव. समोर साठ माणसं, अजूनही रांगेत. आणि सगळ्यांपुढे ग्लॅडिस.

"बटाट्याचं पोतं बरं बसेल घोड्यावर!" ती म्हणाली. "आता कबूल करा, मिस्टर हॉलरॉइड. कॅप्टनची पाठ तुमची होती?"

क्लेमंटने विनिफ्रेडकडे पाहिलं. ही गुरुवारची खुर्ची गेलीच म्हणायची. पण तिच्यासमोर आणखी एक थाप मारायचं त्याच्या जिवावर आलं.

"खरं सांगायचं तर..." त्याने तोंड उघडलं.

"खरं मी सांगते!" विनिफ्रेड चहाची किटली घेऊन पुढे आली. तिचे कान लालबुंद झाले होते. "ती पाठ यांचीच! मी स्वतः तिथे होते. घोड्याचा लगाम मीच धरला होता! दिवसभर, माळावर, वाऱ्यात! हे असे निघून गेले, आणि मी... मी ढसाढसा रडले!"

पाद्रीबुवांनी रुमाल काढला. विनिफ्रेडने क्लेमंटच्या डोक्यावरचा स्कोन अलगद उचलला, त्याला हात देऊन उभं केलं, आणि तो हात सोडायचं विसरली.

तेवढ्यात रांगेच्या अगदी टोकाकडून ऑगस्टाचा खणखणीत आवाज आला:

"विनी! अगं काहीतरीच काय! त्या अख्ख्या वर्षात तू लीड्सला बिस्किटांच्या कारखान्यात होतीस!"