क्लेम टर्विलच्या डोक्याची मूळ चाचणी

आमच्या वेरिंबा गावच्या फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, क्लबाचा क्लेम टर्विल उपांत्य सामन्याच्या तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरच्याच्या गुडघ्यावर डोक्यानं आदळला, पडला, उठला, आणि चेंडू घेऊन थेट उलट्या दिशेनं धावत सुटला. मैदानाभोवती लावलेल्या मोटारींनी हॉर्न वाजवले. आमच्याकडे आपला गोल झाला की हॉर्न वाजवतात. या वेळी गोल झालेला नव्हता, पण क्लेम इतक्या खात्रीनं धावत होता की लोकांना वाटलं, आपल्यालाच दिशा कळत नाहीये.

मी गुणफलकावर होतो. पत्र्याचे आकडे खिळ्यांना टांगायचे, हे माझं काम. आजवर माझ्या आकड्यांवर कुणी आक्षेप घेतलेला नाही. हे अशासाठी सांगतो, की पुढची हकिकत पूर्णपणे निःपक्षपाती आहे.

आता नियम समजून घ्या. डोक्याला मार लागून मेंदूला सौम्य इजा झाली, तर खेळाडूनं तीन आठवडे खेळायचं नाही. पण इजा झाली की नाही, हे ठरवायचं कसं? कवटी उघडून बघता येत नाही आणि क्लेमसारख्याला विचारलं तर तो “मस्त आहे” म्हणतो. त्याचा हात मोडला होता तेव्हाही तो मस्तच होता. म्हणून जिल्हा आरोग्य सेवेनं शास्त्रीय तोडगा काढला. मोसम सुरू व्हायच्या आधी, डोकी शाबूत असताना, प्रत्येकाची मूळ चाचणी घ्यायची. दहा शब्द ऐकून परत सांगा, वर्षाचे महिने उलटे म्हणा, एका पायावर उभे राहा, घरच्यांची नावं सांगा. मार लागला की हीच चाचणी पुन्हा. गुण घसरले तर इजा झाली. घसरले नाहीत तर झाली नाही.

चाचणीच्या आदल्या दिवशी आमचा कोच डूगन यानं क्लबात सगळ्यांना बसवलं. डूगन सहसा विचार करत नाही, पण केला तर तो साधा असतो.

“गुण घसरायला नको असतील तर काय करायचं?” त्यानं विचारलं. उत्तरही त्यानंच दिलं. “आधीच तळाला ठेवायचे. तळाच्या खाली कुणी घसरत नाही. तेव्हा लेकांनो, उद्या जरा डोकं वापरा आणि मठ्ठपणा करा.”

पोरांनी जीव ओतला. चार जणांना जूननंतरचा महिना सापडला नाही. आमचा बचावफळीतला बॅक पॉकेटवाला एका पायावर उभा राहायला सांगितल्यावर कोणत्या, असं विचारत बसला. पण क्लेमची तऱ्हा वेगळी. तो गव्हाच्या सायलोवर, म्हणजे उंच कोठारावर, काम करतो आणि हातात घेतलेलं काम अर्धवट सोडत नाही. चाचणी घेणाऱ्या बाईंनी मुलीचं नाव विचारलं, तेव्हा तो बराच वेळ छताकडे बघत राहिला आणि म्हणाला, “लहान आहे. पिंगट केसांची. नाव काही आत्ता आठवत नाही.” बाईंनी तसं नोंदवून घेतलं. त्या संध्याकाळी पबमध्ये आम्ही हसून हसून बेजार झालो, आणि डूगननं क्लेमला बिअर पाजली. मुलीचं नाव टॅम्सिन. तीन वर्षांची पोर आहे, बापाच्या खांद्यावरून खाली उतरत नाही.

निकाल बघून जिल्हा हादरला. आधी आमचं पिण्याचं पाणी तपासलं. पाणी निर्दोष निघालं, तेव्हा तज्ज्ञांची समिती आली, चहा पिऊन परत गेली आणि वेरिंबाला “विशेष आकलन-साहाय्य क्षेत्र” म्हणून घोषित केलं. सुपरमार्केटात दूध कुठे आहे ते दाखवायला गाईचं चित्र लागलं. नगरपालिकेच्या सूचना मोठ्या अक्षरात, सोप्या वाक्यात येऊ लागल्या. लोकांना त्या फार आवडल्या. पहिल्यांदाच कळत होत्या.

मोसमभर आमच्या पोरांची डोकी आपटत होती आणि पोरं चाचणीत पास होत होती. प्रत्येकाचे गुण मूळपेक्षा वाढलेलेच. जिल्ह्याच्या अहवालात वाक्य आलं, “वेरिंबा येथे डोक्यास झालेल्या आघाताचे दुष्परिणाम आढळून येत नाहीत. किंबहुना किंचित सुधारणा दिसते.” आम्हाला सर्वांत सुरक्षित क्लबाची ढाल मिळाली. ती बारच्या मागे लावली आहे.

तर, उपांत्य सामना आम्ही जिंकला, आणि डूगननं क्लेमला आपल्या गाडीत घालून इस्पितळाच्या इमर्जन्सीत नेलं. मी मागे बसलो होतो. डूगन वाटभर उजळणी घेत होता.

“कुठे आहेस?”

“गाडीत.”

“गावाचं नाव सांग, गाढवा. ते विचारतील. गेल्या आठवड्यात कोण जिंकलं?”

“आपण?”

“शाबास. परत सांग.”

इमर्जन्सीत त्या दिवशी डॉक्टर रत्नायके होत्या. श्रीलंकेच्या, इथे नव्याच आलेल्या. त्यामुळे त्या रुग्णाकडे बघून मग कॉम्प्युटरकडे बघत. आमच्याकडे उलट पद्धत आहे. क्लेमची बायको मेरिन टॅम्सिनला कडेवर घेऊन आधीच येऊन थांबली होती.

“किती वेळा उलटी झाली?” डॉक्टरांनी विचारलं.

“एकदाच,” डूगन म्हणाला.

“दोनदा,” मेरिन म्हणाली.

“दुसरी धरू नका, बाई. ती सॉसेज रोलमुळे. सगळ्यांनाच झाली.”

दुसरी धरली तर क्लेमला डोक्याच्या स्कॅनला पाठवावं लागणार होतं, आणि ते यंत्र तीन तासांच्या वाटेवर आहे. मधल्या रस्त्यात कांगारू आडवे येतात. डॉक्टरांनी तरीही दोन लिहिलं, तेव्हा क्लेम गेला, स्कॅन होऊन आला. स्कॅन स्वच्छ होता. डूगननं तो काळा फोटो उजेडाला धरून सगळ्यांना दाखवला. “बघा, काही नाही. पूर्ण रिकामं.”

“स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो,” डॉक्टर म्हणाल्या. “ही इजा दिसत नाही. ही माणसाच्या वागण्यात दिसते.” मग त्यांनी दहा शब्द वाचले. क्लेमनं चार सांगितले. महिने उलटे म्हणताना तो ऑगस्टमध्ये अडकला आणि रडायला लागला. मी क्लेमला रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला ते बिलकूल आवडलं नाही.

डॉक्टरांनी मूळ चाचणी उघडली. शब्द: एक. महिने: दोन. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“हा माणूस मार लागल्यावर हुशार झालाय?”

“आमच्याकडे होतं तसं,” डूगन म्हणाला. “जिल्ह्याचा अहवाल आहे.”

“सगळा संघच मुळात इतका मठ्ठ कसा?”

“आम्ही गहू पिकवतो, बाई. प्राध्यापक नाही पिकवत.”

तेवढ्यात मेरिन पुढे झाली. ती तशी कमी बोलते. “डॉक्टर, त्यानं गाडीतून उतरल्यावर हिच्याकडे बघून विचारलं, ही कुणाची मुलगी. मी म्हटलं टॅम्सिन. तर म्हणाला, छान नाव आहे.”

डॉक्टरांनी लगेच टंकलं. कॉम्प्युटरनं थोडा विचार केला आणि हिरव्या अक्षरात उत्तर दिलं. मुलीचे नाव: मूळ चाचणीतही आठवत नव्हते. बदल नाही. रुग्णास घरी सोडावे.

“ते खोटं होतं,” मेरिन म्हणाली. “तेव्हा त्यानं मुद्दाम केलं होतं. सगळ्यांनीच केलं होतं.”

“नवऱ्याला भर दवाखान्यात खोटारडा म्हणू नये, मेरिन,” डूगन म्हणाला. तो खरंच दुखावला होता.

मूळ चाचणी चुकीची असेल तर पुन्हा घेता येते का, असं डॉक्टरांनी जिल्ह्याला फोन करून विचारलं. येते, जिल्हा म्हणाला, पण रुग्ण पूर्णपणे बरा असतानाच. तो आत्ता बरा आहे का? नाही, डॉक्टर म्हणाल्या. मग घेता येणार नाही. आणि तुम्ही तो बरा आहे असं लिहून देत असाल, तर मग अडचण काय आहे? डॉक्टरांनी फोन ठेवला आणि स्वतःच्या जबाबदारीवर तीन आठवड्यांची विश्रांती लिहिली. घरी पाळायच्या सूचना त्यांनी मेरिनच्या हातात दिल्या. गाडी चालवू नये, दारू पिऊ नये, पुन्हा डोक्याला मार लागू देऊ नये.

“पण बाई, इजा सौम्यच ना?” जाता जाता डूगननं विचारलं.

“सौम्य म्हणजे जी दुसऱ्याच्या डोक्याला होते ती,” डॉक्टर म्हणाल्या.

अंतिम सामना पुढच्या शनिवारी होता. वेरिंबा अंतिम सामन्यात पोचलं ते माझ्या वडिलांच्या काळानंतर प्रथमच. क्लेमइतकी उंच उडी आमच्याकडे दुसऱ्या कुणाची नाही. हे मी डॉक्टरांविरुद्ध बोलत नाही, फक्त वस्तुस्थिती सांगतो. डूगननं स्पर्धा भरवणाऱ्या लीगकडे अपील केलं. लीगचा नियम स्पष्ट आहे. डॉक्टरांचं मत आणि मूळ चाचणी यांत तफावत आली, तर चाचणी ग्राह्य धरावी, कारण मत हे शेवटी माणसाचं असतं.

उरली मेरिन. चाचणी बनावट होती असं क्लबातल्या एका माणसानं जरी लीगपुढे सांगितलं असतं, तरी क्लेम सामन्याबाहेर बसला असता. अर्थात मग सगळ्यांच्याच चाचण्या बनावट ठरल्या असत्या, मोसमाचे गुण गेले असते, अंतिम सामना दुसऱ्यांनी खेळला असता. त्या आठवड्यात तिच्या घरी माणसांची रीघ लागली. कुणी तिला एक शब्द वाकडा बोललं नाही. आमचं गाव तसं नाही. लोक माशाचा ट्युना बेक घेऊन आले, लॅमिंग्टन केक घेऊन आले, तिच्या अंगणातलं गवत कापून गेले. तिच्या फ्रिजमध्ये जागा उरली नाही. मी स्वतः फ्रूट केक नेला.

गुरुवारी सरावानंतर ती क्लबात आली. पोरं जेवत होती. क्लेम त्यांच्यातच होता, पुढ्यातल्या मटणाच्या चॉपकडे बघत बसला होता.

“त्या दिवशी तुम्ही सगळे पबमध्ये हसलात,” ती म्हणाली. “त्याला टॅम्सिनचं नाव येत होतं म्हणूनच हसलात ना? येत नसतं तर हसला असता का? एवढंच कुणीतरी एकानं सांगा. मला बाकी काही नको.”

डूगन ढालीकडे बघत होता. तिनं एकेकाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे बघितलं. आता मी पडलो गुणफलकवाला. गुणफलकवाल्यानं बाजू घेतली तर त्याच्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवणार? मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

शनिवारी सगळं गाव मैदानावर होतं. पाळीवर असल्यामुळे डॉक्टर रत्नायके इस्पितळात होत्या. त्यांनी सकाळपासून एक खाट मोकळी ठेवली होती म्हणतात, जे मला जरा अपशकुनी वाटलं. क्लेम चांगला खेळला. डूगननं त्याच्या डाव्या मनगटावर बाण काढून दिला होता, कुठल्या बाजूला जायचं त्याचा. क्वार्टर बदलली की तो बाण पुसायचा आणि उलटा काढायचा.

चौथ्या क्वार्टरच्या शेवटाला आम्ही चार गुणांनी मागे होतो, आणि एका गोलाचे सहा मिळतात. चेंडू वर गेला. क्लेमनं उडी मारली. उडी मात्र तो विसरला नव्हता. त्यानं चेंडू हवेत असतानाच आमच्या फॉरवर्डकडे ढकलला आणि खाली येताना दोघांच्या खांद्यांमध्ये त्याचं डोकं सापडलं. फॉरवर्डनं चेंडू लाथाडला. चेंडू गोलाकडे चालला होता आणि क्लेम गवतावर पडलेला होता. या दोन गोष्टी मैदानाच्या दोन टोकांना एकाच वेळी चालू होत्या. मी नवा पत्रा हातात धरून उभा होतो. मला खात्रीनं सांगता येतं की त्या क्षणी क्लेमकडे फक्त एक माणूस बघत होता, आणि ती कुंपण ओलांडून धावत होती.

या खेपेचा स्कॅन स्वच्छ नव्हता. क्लेमला विमानानं शहरात नेलं. वाचला. आता घरी असतो, व्हरांड्यात बसतो. सायलोवर त्याला पुन्हा घेतलेलं नाही, कारण तिथे उंचावर चढावं लागतं. टॅम्सिन रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहून आपलं नाव सांगते. तो म्हणतो, छान नाव आहे. जिल्ह्यानं त्याच्या बाबतीत “मूळ स्थितीच्या तुलनेत मर्यादित बदल” असं नोंदवून प्रकरण बंद केलं. डॉक्टर रत्नायके बदली मागून गेल्या. मेरिन माझ्याशी बोलत नाही. फ्रूट केकचा डबा तिनं धुऊन परत पाठवला.

झालं. माझ्याकडून काही सांगायचं राहिलेलं नाही. तुमच्याकडून मात्र एक विचारायचं राहिलंय, ते मला दिसतंय. तो शेवटचा चेंडू गोलात गेला का? आपण जिंकलो का? क्लेमही दर पाच मिनिटांनी मेरिनला हेच विचारतो. पण त्याच्या डोक्याला मार तरी लागलाय.