धोक्याचा व्हिडिओ

श्रीशैलअण्णा ज्याला भीत नाहीत असं आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मला काही सापडलेलं नाही. पासवर्ड टाकताना ते आधी दार बंद करतात. स्क्रीनवर गोल चाक फिरू लागलं की माऊसवरचा हात उचलून म्हणतात, "मी काय केलं न्हाय, मॅडम."

अण्णा मूळचे मैंदर्गीचे, दृक्‌श्राव्य विभागातले जुने सहायक. डीव्हीडींची कपाटं गेली आणि विद्यार्थ्यांना घरबसल्या व्याख्यानं, माहितीपट बघता येतील अशी ऑनलाइन सेवा आली. कोणते व्हिडिओ घ्यायचे, हे तपासायचं काम अण्णांकडे आलं. त्यांची कसोटी एकच. पडद्यावर खाली बोलण्याची अक्षरं उमटली पाहिजेत. नाही उमटली, की व्हिडिओ बाद.

"ह्यो धोक्याचा हाय."

"कसला धोका, अण्णा?"

"धोका म्हंजे धोकाच की."

आम्ही हसायचो.

उद्घाटनाला कुलगुरू आले. बटण दाबायचं काम अण्णांचं. सकाळपासून त्यांचा शर्ट घामानं भिजलेला. "चुकलं तर काढत्याल का हो मला?" हे त्यांनी दहादा विचारलं.

व्हिडिओ सुरू झाला. पडद्यावरचे प्राध्यापक हातवारे करत बोलत होते, पण आवाजच नव्हता. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. अण्णा मात्र आमच्याकडे पाठ करून, खालची अक्षरं वाचत समाधानानं मान हलवत उभे.

"अहो, आवाज?" कुलगुरू म्हणाले. मग पुन्हा, मोठ्यानं. अण्णा वळले नाहीत.

मी धावत जाऊन आवाज वाढवला आणि म्हटलं, "आधी नुसती अक्षरं दाखवा, असं मीच सांगितलं होतं अण्णांना." तेव्हा कुठे अण्णांनी लोकांचे चेहरे पाहिले. अण्णा पांढरेफटक पडले.

चहाच्या वेळी ते पुस्तकांच्या मांडणीमागे एकटे बसलेले सापडले. मी समोर बसून सावकाश विचारलं, "ऐकू कधीपासून येत नाही?"

माझ्या ओठांकडे बघत ते म्हणाले, "लई दिस झालं. कुणाला सांगू नका."

"मशीन लावा कानाला. नोकरी जाणार नाही, मी बोलते साहेबांशी."

"नोकरीचं भ्या हायच की." "पण बायको दिसभर घरात एकटी. सांजच्याला मी गेलो की भाकरी थापत, पाठमोरी बोलत बसती. मी मधी मधी 'व्हय' म्हणतो. आता मशीन लावलं, तर तिला कळंल की, इतके दिस ती एकटीच बोलत हुती."