पाटीवर ज्वेलरी, पावतीवर ऑर्नामेंट

"मामा, ऑर्नामेंट ठेवू का काढू?" जुन्नरच्या फोटोवाल्या सुदर्शनने फोनवर विचारलं आणि कुंडलिकचं डोकं फिरलं. मराठी माणसाला मराठीत विचारायला काय हरकत होती?

बायकोच्या, कुशाबाईच्या वर्षश्राद्धाला तीन दिवस राहिले होते. घरात तिचा एकटीचा फोटो नव्हता. तिच्या माहेरच्या ह्या भाच्याकडे, सुदर्शनकडे कॉम्प्युटरमध्ये एक निघाला, तोच मोठा करायचा होता. कुंडलिक नेमका मंचरला धरमचंदशेठच्या सराफी दुकानाच्या पायरीवर टेकला होता. त्याने शेठनाच विचारलं.

"ऑर्नामेंट म्हंजे दागिना," शेठ म्हणाले. "पाटीवर ज्वेलरी लिहितो, पावतीवर ऑर्नामेंट. माल एकच."

"काढ सगळं!" कुंडलिक फोनमध्ये ओरडला. "जित्तेपनी एका डोरल्यावर राहिली ती. मेल्यावर खोटं सोनं नको!"

श्राद्धाच्या सकाळी मेव्हणी सखूबाई जुन्नरहून फोटो घेऊन अवसरीला कुंडलिकच्या घरी आली. भावकीसमोर फोटोवरचा कागद सोडला. साधी काळी चौकट, आणि आत कुशाबाई. गळ्यात राणीहार, कोपरापर्यंत पाटल्या, नाकात लिंबाएवढी नथ.

"दाजी," सखूबाई म्हणाली, "एवढं सोनं व्हतं अक्काचं?"

"न्हाई!"

"मग आता कुठं हाय ते?"

"म्हनून कपाटाला कुलूप असतं व्हय!" चुलतभाऊ सावळेरामने री ओढली.

कुंडलिकने तरातरा कपाट उघडून दाखवलं. चार लुगडी आणि फडक्यात बांधलेलं डोरलं.

"आन् बाकीचं?" सावळेराम म्हणाला.

कुंडलिक फोन घेऊन तणतणत गोठ्यात गेला. "सुदर्शन, काढ म्हनलं तर वर आनखी चढवलंस? भावकी माझं कपाट हुडकतीय!"

"काढलं की, मामा! चौकटीवरची सोनेरी वेलबुट्टी, मोर, सगळं काढलं. त्यालाच आमी ऑर्नामेंट म्हंतो. अंगावरची ती ज्वेलरी."

"मग ज्वेलरी कुनी घातली?"

सुदर्शन अडखळला. "आत्यानीच. दोन वर्साखाली माहेरी आल्या तवा. कॉम्प्युटरसमोर बसून एकेक डाग निवडला. नथ तर तीनदा बदलली. म्हनल्या, ह्यास्नी सांगू नको, वरडतील."

कुंडलिकने फोन खिशात टाकला. मग घरात आला, काच बाहीने पुसली आणि फोटो भिंतीला लावला.

"दाजी, सोनं कुठं हाय ते सांगा आधी!"

"तिच्या अंगावर हाय," कुंडलिक म्हणाला. "आन् नथीला जो कोन नावं ठेवील, त्याला जेवाय वाढू नका."